पांढरी म्हणाली, आत्ताच अंघोळ केलीय

कोयनानगरच्या घाटात एक वळण आहे. तिथं एसटीला वेग कमी करावाच लागतो. त्या वळणावर कायम कुत्री बसलेली असतात. लोक म्हणतात, घाटातली कुत्री. साफ चूक. ती कुठल्या ना कुठल्या गावची कुत्री आहेत आणि ती बसलेली नसतात, वाट बघत असतात. गाडीतून आणून टाकलं म्हणजे गाडीच परत न्यायला येणार, एवढं साधं त्यांचं गणित. गाडी दिसली की माना वर, गेली की माना खाली.

मी मावशीकडं धरणाच्या कॉलनीत निघाले होते. खिडकीतून बघते तर एक पांढरी कुत्री उठून गाडीबरोबर पळायला लागली. डावा कान फाटलेला. तो कान कुणाच्या कुंपणाच्या तारेत फाटला होता, तेही मला माहीत होतं. आमच्या गल्लीची पांढरी! पलूस तालुक्यातली, कृष्णाकाठची. महिन्याभरापूर्वी 'कुठं गेली कोण जाणे' म्हणून सगळ्यांनी खांदे उडवले होते.

"बेल मारा!" मी ओरडले.

कंडक्टर म्हणाला, "ताई, हितं थांबा न्हाई."

"मग करा!"

गाडी थांबली. मी उतरले आणि पांढरी माझ्या अंगावर आली ती चिखलाच्या पायांसकट. बरगड्या हाताला लागत होत्या. कॉलनीतल्या एकानं चहाच्या गाड्यावर मला सुनावलं, "तुमच्या खालच्या गावांची लोकं येत्यात आन् पोती उलटी करून जात्यात. आमच्यात आधीच भूकंपाचं भ्या, वर ही भुकेली कुत्री." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन दिवसांनी मावशीच्या शेजाऱ्याच्या पिकअपमधून मी पांढरीला घेऊन गावात उतरले.

मारुतीच्या पारावर तात्या बसले होते. तात्या म्हणजे माझे चुलते. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, गणेश मंडळाचे अध्यक्ष, आणि कुत्री घाटात सोडायची टूम ज्यांच्या डोक्यातून निघाली तेच. दूधवाल्याच्या मोटारसायकलीमागं कुत्री लागली, तो पडला, कॅन उलटला, एवढ्यावरून हे सगळं सुरू झालं होतं.

"आमी शिस्तीत भाईर काढली," तात्या म्हणाले, "आन् तू पिकअपमधनं मिरवत परत आणलीस व्हय गं?"

"शिस्त? दुसऱ्याच्या दारात घाण टाकायला शिस्त म्हणतात होय तात्या?"

"कुत्र्यासाठी चुलत्याला बोलतीस?"

"बोलते. कुत्र्याला बोलता येत नाही."

मी सातारला कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. अंधश्रद्धेविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नदीत मळी सोडणाऱ्यांविरुद्ध. पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते: प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह, आणि आपण लिहिलं म्हणजे जग बदललं असा समज. 'भूतदया नव्हे, कायदा!' असं मथळ्याचं पत्रक मी काढलं. कुत्री उचलून दुसरीकडं टाकता येत नाहीत. लस द्या, नसबंदी करा आणि जिथली तिथं सोडा, असं त्यात साध्या शब्दांत होतं. आठवड्यानं पलूसच्या स्टँडवर कांदाभजी घेतली, ती माझ्याच पत्रकात बांधून मिळाली. तेलानं 'कायदा' एवढाच शब्द पारदर्शक झाला होता.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला. गावातली सगळी मोकाट कुत्री टेम्पोत भरून घाटात सोडायची. कधी? तात्या उठून म्हणाले, "गणपती झाल्यावर. देवाच्या दिवसांत पाप नगं."

"म्हणजे पाप आहे हे मान्य!" मी मागून ओरडले. सभा हसली. हसली आणि हात वर करून ठराव मंजूर केला. पांढरी शाळेच्या पायरीवर झोपली होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता, आणि ती पुन्हा त्या वळणावर जाऊन बसणार होती.

मला दुसऱ्या पत्रकासाठी दाखले हवे होते. दत्ताची चार कुत्री, खंडोबाच्या पायाशी असलेलं कुत्रं, धर्मराजामागं हिमालय चढलेलं कुत्रं, सगळं लिहून झालं होतं. माहुलीच्या संगमावर तर साताऱ्याच्या छत्रपतींच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. कॉलेजात असताना मी तिथं डबा खायला जायची. पण आपल्या माणसांना आपले दाखले पाठ असतात, म्हणून ते टोचत नाहीत. मोबाईलवर शोधता शोधता एक फोटो समोर आला आणि मी हातातला चहा खाली ठेवला.

मातीचं कुत्रं. तांबडं, भाजून चकचकीत घासलेलं. पोट मडक्यासारखं फुगलेलं, पाय आखूड, कान ताठ, अंगावर एक केस नाही. मेक्सिकोच्या पश्चिम भागात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत अशी कुत्री मेलेल्या माणसांशेजारी ठेवलेली सापडली. दोन कुत्री एकमेकांच्या कानाला लागलेली, एक कुत्रं तोंडावर माणसाचा मुखवटा चढवलेलं. दुसऱ्या भागातल्या कुंभारांनी मातीच्या कुत्र्यांना चाकं लावली होती. त्या लोकांनी ओझं वाहायला गाडी कधी केली नाही, पण कुत्र्याला चाकं लावली! ज्याच्या हातून असं काही होतं, तो माणूस कुत्र्याला पोत्यात भरणार नाही, असं मला वाटलं. (असं वाटणं किती भाबडं, ते पुढं कळलंच.)

आणि मग त्यांच्याच मुलखातल्या, पण बऱ्याच नंतरच्या अॅझ्टेक लोकांची कथा. माणूस मेला की त्याला खाली, मृतांच्या मुलखात जावं लागतं. वाटेत मोठी नदी. काठावर कुत्री उभी असतात. माणूस म्हणतो, मला पार ने. पांढरं कुत्रं म्हणतं, मी आत्ताच अंघोळ केलीय. काळं म्हणतं, मी आत्ताच काळा रंग माखलाय. तांबूस कुत्रं तेवढं म्हणतं, धर माझी पाठ. म्हणून तिथं मेलेल्याबरोबर तांबूस कुत्रं पाठवायचे, त्याच्या गळ्यात सुताचा धागा बांधून. त्यांचा एक देवच कुत्र्याच्या तोंडाचा, शोलोट्ल. सूर्य बुडाला की त्याला जमिनीखालून दुसऱ्या दिवसापर्यंत सोबत करणारा. त्याच देवानं पाताळातून हाडं वर आणली आणि त्या हाडांपासून माणूस घडला. म्हणजे त्यांच्या हिशेबानं आपण सगळे कुत्र्याच्या उपकारातले!

पत्रक लिहायला घेतलं आणि भज्याचा वास आला. पत्रक नको. देखावा!

आमच्या भागात ग्रामसभेला जेवढी माणसं येतात, त्याच्या वीसपट जिवंत देखाव्याला येतात. पोरं महिनाभर तालीम करतात, आवाज आधी ध्वनिमुद्रित करून त्याला घुमारा देतात आणि मांडवात दर वीस मिनिटांनी तो प्रसंग उभा राहतो. आमच्या मंडळानं वर्षानुवर्षं तोच एक गडावरचा प्रसंग केला होता. दाढी तीच, वाघनखं तीच. वरच्या आळीचं मंडळ जाहीर हसायला लागलं होतं, "आवं तात्या, तुमचा खान मरून मरून कटाळला असंल की!"

मंडळाच्या बैठकीत मी गोष्ट सांगितली. पोरांना नदी आवडली, धूर आवडला, मृतांचा मुलूख तर लयच आवडला. तात्या म्हणाले, "गणपतीम्होरं कुत्रं?"

"दत्ताच्या फोटोत चालतं, खंडोबापुढं चालतं, तुमच्या मांडवात का नाही?"

"आन् ह्यो देश कुठला म्हनं?"

"मेक्सिको."

गॅरेजवाला पोरगा म्हणाला, "तात्या, वरच्या आळीला न्हाई सुचायचं हे. आंतरराष्ट्रीय देखावा!" त्या एका शब्दानं काम केलं. माझ्या साऱ्या उद्गारचिन्हांनी जे झालं नव्हतं, ते वरच्या आळीच्या ईर्षेनं झालं.

पण मेलेला माणूस कोण होणार? गणपतीच्या दिवसांत तिरडीवर झोपायला एकही गडी तयार होईना. एकाची बायको गरोदर, एकाच्या आईनं शपथ घातली, एकाचं नुकतंच लग्न ठरलेलं. मी म्हणाले मी झोपते, तर सगळ्या बायकांनी मलाच झोडपलं. शेवटी तात्या उठले. "फौजीला मरणाचं काय भ्या रं? कश्मीरमध्ये मरायची प्रॅक्टिस रोज हुती." असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथं सतरंजीवर ताठ झोपूनच दाखवलं.

मूर्तिकारानं शाडूचं तांबडं कुत्रं केलं. फोटो बघून त्यानं एवढंच विचारलं, "केस इसरलेत का जळलेत?" मी सांगितलं, त्यांची जातच बिनकेसाची. खाली चाकं बसवली, दोरीनं ओढायची. पांढरं कुत्रं झाला डेअरीतला पोरगा, काळं झाला गॅरेजवाला. त्याला रंग लावायचीसुद्धा गरज नव्हती, असं तोच म्हणायचा. निळ्या साडीची नदी दोन्हीकडून माझ्या बहिणी हलवायच्या.

पहिल्या संध्याकाळी पडदा वर गेला. घुमाऱ्यात माझाच आवाज आला: "हा देह मागे राहिला. पुढे नदी आहे." तात्या तिरडीवरून उठून काठावर आले, हात जोडून म्हणाले, "मला पार ने." पांढरा पोरगा अंग झाडत म्हणाला, "मी आत्ताच अंघोळ केलीय!" लोक खदखदून हसले. काळा म्हणाला, "माझा रंग जाईल!" आणखी हसले. मग चाकांवरचं तांबडं कुत्रं हळूहळू पुढं आलं, तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, निळी साडी गुडघ्यापर्यंत चढली, कमरेपर्यंत चढली, आणि मांडवात कुणी हसेना. पुढं बसलेल्या एका आजीनं पदर डोळ्याला लावला. ज्या गावात पुराचं पाणी घरात येऊन गेलंय, त्या गावाला नदी पार करणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दिवसापासून पलूसहून, भिलवडीहून गाड्या यायला लागल्या. वरच्या आळीचं मंडळ आपला मांडव सोडून आमच्यात उभं. एका शिकलेल्या पाहुण्यानं मोबाईल नाचवत मला गाठलं, "ताई, हे लोक कुत्री खात होते. हे नाही सांगितलं तुम्ही?"

"खात होते," मी म्हणाले. "तुम्ही बोकड पाळता, त्याला पोरासारखं वाढवता, देवाला दाखवता, आणि?"

"आणि काय?"

"आणि रस्सा चांगला झालाय म्हणता. फक्त तुम्ही त्या बोकडाची मूर्ती करत नाही. त्यांनी केली."

तो गेला. मी जिंकले, असं मला वाटलं. आणि चौथ्या दिवशी सकाळी मी पारावर आले तर आमच्या गल्लीतल्या तांबड्या कुत्र्याच्या गळ्यात सुताचा धागा! वडाला सूत गुंडाळणारे हात ते. त्यांना धागा बांधायला किती वेळ? पुढ्यात भाकरी, भाकरीवर गूळ, कुणीतरी झेंडूचं फूलसुद्धा ठेवलेलं. तांबडं बिचारं फूल हुंगून गूळ तेवढा खात होतं. पत्रकं काढून काढून अंधश्रद्धा घालवायला निघालेली मी, माझ्याच देखाव्यानं गावात नवा देव बसवला होता!

खरा तडाखा पुढं होता. संध्याकाळी तात्या मला खूष होऊन म्हणाले, "तुझं म्हणणं पटलं बघ गावाला. ठरलं आमचं. तांबड्या कुत्र्याला हात लावायचा न्हाई."

"आणि बाकीची?"

"पांढरी आन् काळी भरायची टेम्पोत. ती न्हाई म्हनत्यात की पार न्यायाला! तूच दावलंस."

मला वाटलं, चेष्टा. चेष्टा नव्हती. भाकरी वाढणाऱ्या बायका पांढरीला हाकलत होत्या, "हड! अंघोळ केलीया म्हनं महाराणीनं!" हजारो कोसांवरची गोष्ट गावानं अशी काही मनावर घेतली की निवाडाच करून टाकला. मी ओरडले, भांडले, सांगितलं की अहो ही कथा आहे, कथेत कुणीतरी नाही म्हणावंच लागतं, नाहीतर हो म्हणणाऱ्याची किंमत काय! काकी, म्हणजे तात्यांची बायको, म्हणाली, "बाळे, तू आता भांडू नगंस. तू भांडलीस की ह्यांचं मत आणखी घट्ट हुतंय." हेही खरंच होतं.

मी मांडवामागं जाऊन बसले. पांढरी येऊन मांडीला टेकली. समोर चाकांवरचं ते शाडूचं कुत्रं, पोट फुगलेलं, तांबडंलाल. रंग काव आणि तेलाचा, मूर्तिकारानं माझ्यासमोर दिला होता. काव! बेंदराला बैलांच्या अंगावर हाताचे ठसे उमटवतो ती. निव्वळ माती, खाल्ली तरी बाधत नाही. आमच्या गोठ्याच्या फळीवर बेंदराची उरलेली काव डब्यात तशीच होती.

मी काकीकडं गेले. ऐकून ती पदरात तोंड घालून हसली. मग म्हणाली, "एका डब्यात गावची कुत्री न्हाई भागायची. मी जावांना सांगते."

विसर्जनाला सगळे गडी नदीवर नाचत होते. गुलालात कोण कुणाला ओळखत नव्हतं. आम्ही बायका घमेली घेऊन गल्लीगल्लीतून फिरलो. कुत्र्यांना वाटलं, खेळ आहे. पांढरीला मी स्वतः लावली: पाठीवर, पोटावर, फाटक्या कानावर. ती शांत उभी राहिली, फक्त माझं मनगट चाटत होती. काळ्यांना दाट लावावी लागली, चिखलासारखी. कालपर्यंत पांढरीला हाकलणारी बाईसुद्धा एका काळ्याला धरून बसली होती आणि म्हणत होती, "हलू नगंस रं मुडद्या, तुझ्याच जिवासाठी चाललंय." वाळल्यावर ती कुत्री अशी दिसायला लागली, जशी कुणी थडगी उघडून एकेक बाहेर काढून उन्हात ठेवलीत.

सकाळी टेम्पो आला. लोणंदच्या बाजाराला कांदा नेणारा, जाळी लावून तयार. तात्या हातात काठी घेऊन पुढं, मागं चार गडी. पारावर येऊन उभे राहिले आणि बघतच राहिले. पारावर तांबडी. शाळेच्या पायरीवर तांबडी. डेअरीपुढं तांबडी. एक लहानसं पिल्लू, तेही शेपटीच्या टोकापर्यंत तांबडं.

"कुठली भरू?" ड्रायव्हरनं विचारलं.

घराघरांच्या दारांत बायका उभ्या. काकीच्या कोपरापर्यंत काव लागलेली, आणि ती लपवायचीही तिला गरज वाटत नव्हती.

"ही रंगीवली हायत," तात्या म्हणाले. "धुवून बगा."

"बघा की धुवून," मी म्हणाले. "घमेलं देऊ? एकेकाला अंघोळ घाला. पण मग अंघोळ झालेलं कुत्रं पार न्यायला नाही म्हणणार, आणि त्याला तसं करणारे तुम्ही असणार!"

पारावरचे म्हातारे हसायला लागले. मग गडी हसले. ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, तांबड्याला मी बी हात लावत न्हाई. माजी आई दोन डाव बघून गेलीया तुमचा देखावा. मला घरात घ्यायची न्हाई." आणि त्यानं टेम्पो वळवला. रिकामा! आतल्या जाळीचा खडखड आवाज वेशीपर्यंत ऐकू आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण पांढरी माझ्या पायांत नाचत होती आणि मी पडता पडता वाचले.

पण रंगानं वाचलेला जीव रंग जाईपर्यंतच वाचतो. मला ठराव हवा होता, शाई आणि शिक्क्यासकट. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उठले. पाठ केलेलं भाषण होतं, कलमांसकट. पहिलं वाक्य झालं आणि तात्या उभे राहिले. मी कंबर कसली.

"मी बोलतो," ते म्हणाले. "धा दिवस मेलो मी. कुत्र्याच्या पाठीवर हात ठिवून गेलो. मातीचं कुत्रं, चाकावरचं. पर रोज हात ठिवला की मला पोस्टवरचं कुतरं आठवायचं. वर बर्फात आमच्याबरुबर निजायचं. त्याच्या उबीला आमी पाय लावायचो. बदली झाली, गाडीत बसलो. लय लांबवर पळत आलं गाडीमागं." मग माझ्याकडं हात केला. "ह्या पोरीनं घाटातलं सांगितलं तवा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ठराव मी मांडलेला, मीच मागं घेतो. लस द्या, नसबंदी करा, जिथली तिथं ऱ्हावू द्या. पांढरं, काळं, तांबडं, सगळं."

हेच पंधरा ऑगस्टला बोलले असते तर गावभरची काव वाचली असती. मी तसं म्हणालेही, सगळ्यांसमोर. तात्या म्हणाले, "मग तुला आंतरराष्ट्रीय देखावा कुठला मिळाला असता गं?" हात वर गेले. सगळे. मी मोजले नाहीत. खाली राहिलेला एकही दिसत नव्हता. माझं भाषण खिशातच राहिलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण, न केलेलं.

पुढच्या आठवड्यात तालुक्याचे पशुवैद्य आले. शाळेच्या मैदानात पहिलं सुईला पुढं झालं ते आमचं तांबडं, गळ्यात तो मळलेला धागा तसाच. धागा मी कात्रीनं कापला. डॉक्टरांनी बाकीच्यांकडं बघून विचारलं, "ही एकाच रंगाची कशी सगळी?" काकी म्हणाली, "मेक्सिकोची हायत."

त्याच दुपारी परतीच्या पावसानं झोडपलं. मी शाळेच्या पडवीत उभी होते. मैदानातून तांबड्या पाण्याचे ओघळ गटाराकडं चालले होते, आणि पांढरी त्या पावसात मधोमध उभी राहून भिजत होती. तिनं अंग झाडलं. पाठ पांढरी, पोट पांढरं, फाटका कानसुद्धा पांढरा. पाऊस उघडल्यावर तशीच निथळत ती पारावर गेली आणि तात्यांच्या धोतराला घासून त्यांच्या शेजारी बसली.

"अंघोळ झाली व्हय बाई?" तात्या म्हणाले, आणि तिला जागा करून द्यायला जरा सरकून बसले.